अकरावा दोरा

"सर, ही गाठ कोणाची ते सांगा बरं."

रविवारी सकाळी साडेनऊला निंबा पाटील माझ्या ओटल्यावर उभा होता. हातात त्याच्या मुलीचा, हर्षदाचा, ड्युटीवरचा पांढरा कोट. दोरीवरून नुकताच ओढून आणलेला, अजून ओलसर. कोटाची खालची किनार त्याने माझ्या नाकासमोर धरली. किनारीत बोटभर लाल दोरा बांधलेला होता.

"कोणाची म्हणजे? तुझीच की," मी म्हणालो. "अख्ख्या डिंडोलीत लाल दोऱ्याची रीळ खिशात घालून दुसरं कोण फिरतं?"

"गाठ माझीच आहे, सर. पण मी नही बांधली."

मी हसलो. आधी हसायचं आणि मग समजून घ्यायचं ही माझी जुनी खोड आहे. वर्गात ती चालून गेली, बाहेर कधी कधी अंगाशी येते.

निंबाचं काम सांगितल्याशिवाय तो एवढा का घाबरला होता ते कळायचं नाही. कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये तो एकतीस वर्षं कापड तपासतो. समोर तिरकी काच, काचेखाली ट्यूबलाइट आणि काचेवरून सरकत जाणारं कोरं कापड. एक ताका शंभर-सव्वाशे मीटरचा. तुटलेला तार, तेलाचा डाग, मागात गुंता होऊन पडलेली जाळी, असं काहीही दिसलं की मशीन थांबवायचं, त्या जागेसमोर किनारीत सुईने लाल दोरा ओवायचा आणि गाठ मारायची. दोरा म्हणजे चूक. व्यापारी कापड उलगडत बसत नाही, किनारीवरचे दोरे मोजतो. एका ताक्याला दहा दोरे माफ. अकरावा आला की ताका बाद, मग तो चिंध्यांत जातो.

तरुणपणी निंबाच्या उजव्या हाताचा अंगठा मागात अर्धा गेला, म्हणून तो डाव्या हाताने गाठ मारतो. दोरा आधी जिभेवर ओला करायचा, दोन वेढे उलटे द्यायचे, एक टोक आखूड ठेवायचं, एक लांब. ती गाठ दुसऱ्या कोणाला जमत नाही. मी हौसेने दोनदा करून पाहिली, दोन्ही वेळा ती सुटली. शेठने कितीदा तरी त्याला सांगून पाहिलं की हातचं राखून बांधत जा, दोन-चार चुका दिसल्या नाहीत तर आभाळ कोसळत नाही. निंबाने कधी एक दोरा कमी बांधला नाही.

आणि मी? महानगरपालिकेच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. चार वर्षांपूर्वी मी सुटलो आणि मुलंही सुटली. संध्याकाळी निंबा मिलमधून आला की माझ्या ओटल्यावर चहा व्हायचा आणि आमचं ठरलेलं भांडण.

"तुमचा धंदा लय सोपा, सर," तो म्हणायचा. "पासष्ट चुका माफ! पस्तीस बरोबर आले की पोरगं पुढच्या वर्गात. आमच्या शेठने असं केलं तर बाया साड्या नही, जाळ्या नेसून फिरतील."

"मुलं म्हणजे कापड नाही, निंबा. कापडातली चूक तशीच राहते. मुलांची विरून जाते."

हे मी नुसतं बोलायचो नाही, मानत होतो. मी कोणाला मारलं नाही, कोणाला नापास केलं नाही. रीत बरोबर असली की उत्तर चुकलं तरी गुण दिले. दशांश चिन्हाच्या डावीकडे शून्य काढायला मुलं विसरायची, तेव्हा मी म्हणायचो, "ते शून्य म्हणजे लग्नातली करवली रे. आली तर शोभा, नाही आली तर लग्न काही अडत नाही." चौतीस वर्षं या विनोदावर वर्ग हसला. हर्षदाही हसली असणार, ती माझ्याच वर्गात होती.

पुढे ती नर्स झाली. एका खासगी दवाखान्यात, जिथे दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या खात्यात लागली. पेढे घेऊन आली तेव्हा आमचं भांडण चालूच होतं. ती म्हणाली, "आणि आमच्याकडे किती माफ, सांगू?" तिने मूठ पुढे केली आणि उघडली. मूठ रिकामी होती. पोरगी मिरवतेय, असं मला वाटलं. कौतुकही वाटलं.

तर रविवारी तिचा कोट माझ्या हातात होता. दोन उलटे वेढे, एक टोक आखूड, एक लांब. गाठ निंबाचीच होती.

"झोपेत बांधली असशील."

"हा सहावा दोरा, सर. मंगळवारपासून रोज एक. आधी तिच्या टॉवेलवर आला, मग उशीच्या अभ्र्यावर, मग ओढणीवर. पांढरं कापड पाहिजे, आणि तिचंच पाहिजे. तिच्या आईच्या, इंदूच्या लुगड्यावर नही, माझ्या धोतरावर नही." त्याने खिशातून रीळ काढली. "एक रीळ मले महिना पुरते. ही सोमवारी नवी काढली. पहा."

रीळ अर्ध्यावर आली होती.

"मग मिलमध्ये वापरली असशील."

"तिथं पाच दिवसांत एक दोरा नही बांधला." तो खाली बसला. "चूकच येत नही, सर. ताक्यामागून ताका येतो, धुतल्या तांदळासारखा. बाजूच्या मशीनवर चुका येतात, माझ्या काचेवर आलं की कापड साफ. शेठ खूश झाला, खात्यात घारीची मिठाई वाटली त्याने. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डोळे चांगले आहेत म्हणे."

"हर्षदा काय म्हणते?"

"ताप आहे तिला. ड्युटीवर जात नही," तो म्हणाला आणि कोटाची घडी घालू लागला. कोट ओला होता, ओल्या कपड्याची घडी कोणी घालत नाही. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी दुपारी इंदुबाई, निंबाची बायको, दारात आली. "सर, जरा आमच्याकडे येऊन बसता का? हे मिलमध्ये गेले. मले एकटीले भेव वाटतं." तिचं म्हणणं होतं की कोणीतरी करणी केली आहे. मी गणिताचा मास्तर, म्हटलं आज हा प्रकार सोडवूनच टाकू.

प्रयोग अगदी साधा. हर्षदाचा एक पांढरा अभ्रा मी स्वतः दोरीवरून काढला. चारही किनारी बोटाने चाचपल्या, दोन्ही बाजू उजेडात धरून पाहिल्या. दोरा नव्हता. अभ्रा समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसलो. आतल्या खोलीत हर्षदा खाटेवर पडलेली होती, दारातून तिची पावलं दिसत होती. इंदुबाई माझ्यासमोर शेगडीपाशी. समोरच्या ओटल्यावर बायका मजुरीवर साड्यांचे सुटे दोरे कापत बसल्या होत्या, त्यांच्या कात्र्यांचा आवाज येत होता. भर दुपारचं लख्ख ऊन होतं.

पंधरा-वीस मिनिटं काही झालं नाही. मला माझाच शहाणपणा आवडू लागला. इंदुबाईने चहा दिला. मी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि मान वर केली.

अभ्र्याच्या किनारीत लाल दोरा होता.

इंदुबाई शेगडीपाशीच होती, माझ्याकडे पाठ करून. आतली पावलं जागची हलली नव्हती. दोऱ्याचं लांब टोक मात्र हलत होतं, कोणाच्या बोटांतून नुकतंच सुटल्यासारखं. पंखा बंद होता, लाइट गेलेली होती. समोरच्या कात्र्या कधी थांबल्या ते मला कळलं नव्हतं. बायका तिथेच होत्या, पण सगळ्या मान खाली घालून हातातल्या साड्यांकडे पाहत होत्या.

मी उठून गाठीला बोट लावलं. गाठ ओली होती.

सांगायला लाज वाटते, पण मी ते बोट पँटला पुसलं. एकदा पुसलं, परत पुसलं. मग निंबाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"मशीनवर, सर." मागे कापड सरकत असल्याचा आवाज येत होता. "आला ना? मले कळलं. आत्ता माझ्या जिभेवर दोऱ्याची चव आली. रीळ तर डब्याच्या पिशवीत आहे, मी हात पण लावला नही."

फोन ठेवला तेव्हा हर्षदा दारात उभी होती. सहा महिन्यांच्या आजाऱ्यासारखी दिसत होती.

"सातवा ना?" ती म्हणाली. मग आईला म्हणाली, "आई, कोपऱ्यावरून दूध घेऊन ये ना." इंदुबाई गेली. हर्षदा जमिनीवर बसली, भिंतीला टेकून.

"मागच्या सोमवारची गोष्ट, सर. दिवसपाळी होती. एक मुलगी होती पेटीत, सव्वा किलोची, सहा दिवसांची. डॉक्टरांनी राउंडला सांगितलं, औषधाचं मशीन ताशी शून्य पॉइंट चारवर ठेव. मी कागदावर लिहिलं. टिंब आणि चार. शून्य नाही लिहिलं, सवयच नाही. टिंब कागदाच्या छापील रेघेवर पडलं. दुपारी दोनला औषधाची नळी बदलली तेव्हा मी तोच कागद वाचला. माझंच अक्षर, आणि मला टिंब दिसलं नाही. मी चार लावलं."

मी खुर्चीवरच्या अभ्र्याकडे पाहिलं.

"साडेतीनला पाहिलं तर नळी रिकामी होत आलेली. मी आकडा खाली आणला. कोणाला बोलले नाही. संध्याकाळी सहाला ती गेली. डॉक्टर म्हणाले, एवढंसं बाळ, व्हायचंच होतं. मग मी कागद काढला आणि टिंबाच्या आधी शून्य लिहिलं." ती माझ्याकडे पाहत होती. "लग्न लागून गेल्यावर करवली आणून उभी केली, सर."

तिने ते मला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. वर्गातलं वाक्य होतं, तिला तेवढंच आठवलं.

"निंबाला माहीत आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं. आबा म्हणाले, कोणाले सांगू नको."

तेव्हा मला उलगडलं. एकतीस वर्षांत निंबाने एकच दोरा बांधायचा सोडला होता, पोरीच्या चुकीचा, आणि दुसऱ्या दिवसापासून दोरे यायला लागले होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं जगाला सुनावणाऱ्या माणसावर ही वेळ आली होती. आणि मी काय केलं? चौतीस वर्षं केलं तेच.

"हे बघ, पोरी," मी म्हणालो, "चूक कोणाकडून होत नाही? तू मुद्दाम केलं नाहीस. मूल अशक्तच होतं. डॉक्टरच म्हणाले ना? आता तुझं आयुष्य घालवून ते परत येणार आहे का?"

हर्षदा भिंतीला धरून उठली.

"सर, तुम्ही मला ग्रेस देताय," ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मंगळवारी निंबाने तिचे सगळे पांढरे कपडे ट्रंकेत घातले, कुलूप लावलं, किल्ली कमरेला बांधली. संध्याकाळी ट्रंक उघडली तेव्हा सगळ्यात तळच्या ओढणीला आठवा दोरा होता. बुधवारी नववा आला. हर्षदाने जेवण सोडलं होतं. पाणी दिलं तर पीत होती, नाही दिलं तर मागत नव्हती. निंबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दहा माफ असतात, सर. अकरावा कशावर येईल?" त्याच्या हातातली रीळ आता नुसती काडीला लाल रंग लावल्यासारखी उरली होती.

गुरुवारी सकाळी इंदुबाईची किंकाळी मी माझ्या मोरीत ऐकली. धावत गेलो. हर्षदा खाटेवर उठून बसली होती. दहावा दोरा कापडावर नव्हता. तिच्या वेणीच्या टोकाला, केसांतच बांधलेला होता. दोन उलटे वेढे.

इंदुबाई कात्री शोधत होती. निंबाने तिला थांबवलं. तो मुलीसमोर खाली बसला, उकिडवा, मिलमध्ये ताका उचलायला बसतात तसा. तिच्याशी तो नेहमी घरच्या अहिराणीत बोलतो.

"ऊठ बेटा. तू नही, मी चुकनू. एकतीस वरीस लोकेसन्या चुका बांध्यात, तुनी एक बांधाले मना हात थरथरना." त्याने हात पुढे केला. "चाल. त्यासना घर जाऊत."

हर्षदाच्या डोळ्यांतून पाणी आलं. दहा दिवसांत पहिल्यांदा, असं इंदुबाई नंतर म्हणाली. ती उठली, तिने तोंड धुतलं आणि वेणी तशीच ठेवली.

"मीही येतो," मी म्हणालो.

"तुम्ही कशाले, सर?"

"त्यात माझाही वाटा आहे." मग मी त्याला करवलीची गोष्ट सांगितली. ती तो माझ्या ओटल्यावर वीस वेळा ऐकून हसला होता. आता हसला नाही.

"मग तुमचं तुम्ही सांगा तिथं," तो म्हणाला.

"सांगणार. त्यासाठीच येतोय."

पत्ता हर्षदाला पाठ होता. त्या बाळाच्या कागदावरचं काहीच ती विसरली नव्हती. कडोदऱ्याला मागांच्या शेडमागे एका रांगेत खोल्या होत्या, त्यांतली शेवटून दुसरी. भिंतीपलीकडेच माग चालू होते. जमीन पायाखाली बारीक थरथरत होती, कोपऱ्यातल्या हंड्यातलं पाणीसुद्धा. लखन, बाळाचा बाप, पाळी संपवून नुकताच आला होता, केसांत कापसाचे तंतू. त्याची बायको चटईवर बसून तांदूळ निवडत होती. विशी-बाविशीची पोर. दारात आम्हाला पाहून ती गडबडीने उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि काही कळायच्या आत वाकून माझ्या पाया पडली.

"सर! तुम्ही इथे कसे? ओळखलं नाही का? मी सायली. डिंडोलीची शाळा, सातवी ब. मागच्या बाकावर बसायची." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हे आमचे गणिताचे सर. लई चांगले. कधी मारलं नाही, कधी कोणाला नापास केलं नाही." घरातली एकुलती एक खुर्ची तिने पदराने पुसली आणि माझ्यासाठी ओढली.

मी खुर्चीवर बसलो. बाकी सगळे उभे होते.

हर्षदाने सांगितलं. मागांच्या आवाजात पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेलं नाही. लखनने कानाला हात लावून विचारलं, "काय?" मग तिला ते सगळं पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. मशीन, चार, दीड तास, नंतर लिहिलेलं शून्य. शेवटचं वाक्य ती जवळजवळ ओरडली.

लखन पुढे आला. त्याचा हात वर गेला होता. निंबा मध्ये आला नाही, नुसता मुलीच्या शेजारी जाऊन उभा राहिला, दोघांना एकदम मारता येईल इतक्या जवळ. लखन कितीतरी वेळ तसाच राहिला आणि मग बाहेर निघून गेला. बाहेरून त्याचा आवाज येत होता, पण मागांमुळे तो रडतोय की शिव्या देतोय ते कळत नव्हतं.

सायली जागची हलली नव्हती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक जुनं पान फाडलं, उलटं केलं, पेन्सिल शोधली. "लिहून दाखव," ती हर्षदाला म्हणाली. हर्षदाने टिंब आणि चार काढलं. त्याखाली शून्य, टिंब आणि चार.

सायलीने ते पान उजेडाला धरलं. मग माझ्याकडे आणलं.

"पण सर, शून्य नसलं तरी चालतं ना?" तिने खरोखरच विचारलं. शाळेत मागच्या बाकावरून विचारायची तसं. "तुम्हीच सांगायचे ना, करवली म्हणून. मी पण असंच लिहिते."

हीच ती जागा होती. यासाठीच मी आलो होतो. निंबा माझ्याकडे बघत होता, हर्षदा बघत होती. माझ्या पायांना अजून त्या पोरीच्या हातांचा स्पर्श जाणवत होता. ती मला चांगला म्हणाली होती, नवऱ्यासमोर, आणि सबंध घरात एक खुर्ची होती. मी त्या पानाकडे पाहिलं. मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच माहीत नाही. तोंडातून शब्द फुटला नाही.

सायलीने थोडी वाट पाहिली. मग हर्षदाकडे वळली.

"तिला दुखलं का?"

"नाही. ती झोपली होती, झोपेतच गेली."

"खरं?"

"खरं. हे खरं आहे."

सायलीने पानाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये खोचली. "मग आता जा तुम्ही," ती म्हणाली. मला मात्र पुन्हा वाकून नमस्कार केला.

रिक्षात निंबा माझ्याशी बोलला नाही. रागावला होता असंही नाही. एकदाच म्हणाला, "राहू द्या, सर." ते मला फार लागलं.

हर्षदा घरी आली नाही, त्याच दुपारी परस्पर दवाखान्यात गेली. स्वतःच्या हाताने सगळं लिहून दिलं, नंतर काढलेल्या शून्यासकट. आता चौकशी चालू आहे. लखनने पोलिसांत तक्रार दिली आहे. बोलावलं की ती जाते, निंबा सोबत जातो. पांढरा कोट परत मिळेल असं तिलाही वाटत नाही. पण ती जेवते. दुपारी आईबरोबर ओटल्यावर साड्यांचे दोरे कापत बसते.

शुक्रवारी निंबा मिलमधून आला तो सरळ माझ्याकडे. "पहिल्याच ताक्यात तीन, सर! दोन तार तुटलेले आणि एक तेलाचा डाग, हा एवढा." तो रडत होता. तेलाचा डाग पाहून माणूस रडतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने खिशातून जुनी रीळ काढली. नुसती काडी होती.

"काल सकाळी एका दोऱ्यापुरता दोरा होता हिच्यावर," तो म्हणाला. "घरचं सगळं कापड पाहिलं, पोरीची वेणी पाहिली. अकरावा आमच्याकडे नही आला."

"संपलं म्हणायचं मग," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "पण दोरा कुठं गेला?"

शनिवारी सकाळी आंघोळ करून मी कपाट उघडलं. माझ्या बायकोने, वंदनाने, कडोदऱ्याला घातलेला पांढरा शर्ट धुऊन, इस्त्री करून वरच ठेवला होता. मी तो उलगडला.

खालच्या किनारीत लाल दोरा होता. दोन उलटे वेढे, एक टोक आखूड, एक लांब. शर्ट कडकडीत कोरडा होता आणि गाठ ओली होती.

मी पलंगावर बसलो. बाहेर भाजीवाला ओरडत होता. ड्रॉवरमध्ये कात्री होती, मी ती काढली, हातात धरली. दहा माफ असतात. चौतीस वर्षांत मी स्वतःला किती माफ केल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. शेवटी कात्री परत ठेवली, शर्ट अंगात घातला आणि रोजच्यासारखा पँटमध्ये खोचला नाही.

"एवढ्या सकाळी कुठे निघालात?" वंदनाने विचारलं.

"एक गणित चुकीचं शिकवलं होतं. सांगून येतो."

"आता? चार वर्षं झाली रिटायर होऊन!"

कडोदऱ्यापर्यंत रिक्षात माझं लक्ष मांडीवर होतं. दोऱ्याचं लांब टोक वाऱ्याने हलत होतं, ते अजून ओलंच होतं. शेवटून दुसऱ्या खोलीचं दार उघडं होतं. सायलीने मला पाहिलं, पदर सावरला आणि खुर्ची पुसायला घेतली.

मी बसलो नाही. मागांचा आवाज चालू होता. मला ते दोनदा सांगावं लागलं.